बाराच्या खणातली गोळी

१

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास मला जाग आली तेव्हा माझ्या पदराचं एक टोक चक्कीच्या फिरत्या पट्ट्यापासून चार बोटांवर होतं. बाकीचा पदर गुड्डीनं दोन्ही हातांनी मागं ओढून धरला होता. गुड्डी माझी मुलगी. सहा वर्षांची. ती ओरडत असावी, तिचं तोंड उघडं दिसत होतं, पण चक्कीच्या घरघरीत काही ऐकू येत नव्हतं. तिचे पाय लादीवरच्या पिठावरून पट्ट्याकडं घसरत होते.

आतून माझी नणंद डिंपल धावत आली. तिनं खटका ओढला. पट्टा दोन फेरे घेऊन थांबला.

"वहिनी, पोट्टीचा हात गेला असता व! दोघीही गेल्या असत्या!"

मला उठता येईना. मी तिथंच बसून गुड्डीची बोटं मोजली. दहा भरली. परत मोजली.

संध्याकाळी माझा नवरा कैलाश आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि एकच वाक्य बोलला. "रविवारी डिंपल शहापूरले वापस चालली, तिच्यासंगं गुड्डीले पाठवू. तिकडंच शाळेत टाकू."

मी काय बोलणार? चार महिन्यांपूर्वी कोणी असं म्हटलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. आज माझ्या लेकीला सगळ्यात मोठा धोका माझाच होता.

मला नार्कोलेप्सी आहे. आंधळगावात हा शब्द कोणाला येत नाही. इथं मी कुंभकर्णाची बहीण. लग्नाआधीपासून मला दिवसा कुठंही झोप यायची, भाकरी थापता थापता, बोलता बोलता. लोक हसायचे. मग मीही हसायचे, आणि हसले की गुडघे जायचे. खूप हसू आलं, राग आला किंवा दचकले की माझं अंग पोत्यासारखं खाली बसतं. शुद्ध असते, सगळं ऐकू येतं, डोळे तेवढे हलतात. जीभ हलत नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. झोपेतून उठताना शरीर बांधल्यासारखं पडून राहतं आणि खोलीत नसलेली माणसं दिसतात. ती छातीवर येऊन बसतात. देवर्षी झाले, अंगारे झाले. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी रात्रभर तारा लावून तपासलं आणि गोळी दिली. मोडाफिनिल. जागं ठेवणारी गोळी. एक सकाळी सातला, एक दुपारी बाराला. त्या गोळीवर मी चक्की चालवायला शिकले, आणि चार महिने गावाचं पीठ दळलं.

मग दोन आठवड्यांपूर्वी गोळीनं अचानक दगा दिला. बरं, दगाही रोज नाही. मधूनच.

२

माझा गोळ्यांचा डबा देवघराच्या फळीवर असतो. सात दिवसांचे चौदा खण. वरची ओळ सातची, खालची बाराची. डबा अशासाठी की झोपेच्या गुंगीत मी गोळी घेतली की नाही हे मला आठवत नाही. खण रिकामा दिसला की घेतली. बाकीच्या गोळ्यांचे पत्ते ट्रंकेत कुलूपबंद, कारण घरात लेकरू आहे. किल्ली कैलाशकडं. दर रविवारी तो डबा भरून ठेवतो.

डॉक्टरांनी आणखी एक पथ्य सांगितलं आहे. साडेअकराला वीस मिनिटं ठरवून झोपायचं, उठल्यावर बाराची गोळी घ्यायची. शनिवारी मी झोपायलाच घाबरत होते, तरी लवंडले. सवयीनं डोळा लागला.

आणि ते आलं. अंग बांधलेलं. अंगणातून आवाज येत होता: खस्स, खस्स, खस्स. कोणी तरी दगडावर विळ्याला धार लावत होतं. मग देवघराच्या फळीपाशी एक काळी आकृती उभी राहिली. तिला तोंड नव्हतं. तिनं डबा उघडला, मुठीतलं काही तरी आत ठेवलं, डबा मिटून कपाळाला लावला आणि विरून गेली. मी ओरडले, पण आतल्या आत.

अशा आकृत्या मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. डॉक्टर म्हणाले होते, त्या खऱ्या नसतात, वहीत लिहून ठेवत जा म्हणजे भीती जाईल. भीती गेली नाही. वही मात्र भरली.

बारा वाजता मी खण उघडला. एरवी अर्धवट डोळ्यांनी गोळी तोंडात टाकते. पण कालच्या भीतीनं आज माझे डोळे टक्क उघडे होते. मी गोळी उजेडात धरली.

माझी गोळी पांढरी, लांबट, मधोमध रेघ. हीसुद्धा पांढरी, लांबट. पण रेघ नव्हती. अंगानं जरा जाड होती, आणि तिला गोडसर वास होता.

गोळीनं दगा दिलाच नव्हता. या घरातलं कोणी तरी माझी गोळी नेत होतं, आणि मला कळू नये म्हणून तिच्या जागी तसलीच दुसरी ठेवत होतं. मी पट्ट्याजवळ बसते हे ठाऊक असताना.

३

आमच्या घरात मोठी माणसं पाच. मी, कैलाश, सासूबाई आनंदाबाई, सासरे नत्थूबाबा आणि पाच महिन्यांचं लेकरू घेऊन माहेरी आलेली डिंपल. बाहेरचं कोणी देवघरापर्यंत येत नाही.

सासूबाई ओट्यावर होत्या. शेजारच्या पुष्पाबाईंची वाटी परत करायची होती, त्यात त्या मूठभर लाखोरीची डाळ टाकत होत्या. आमच्याकडं कोणाचं भांडं रिकामं परत जात नाही. काहीच नसलं तर त्या चिमूटभर मीठ टाकतील, पण रिकामं देणार नाहीत.

"कुठं चालली उन्हाची?" त्यांनी विचारलं.

"मेडिकलवर."

"त्या नशेच्याच गोळ्या आणाले नं? खाऊनही झोपतेच तं तू. मी रोज पाहून राहिली." त्या माझ्याकडं न बघता बोलल्या.

बाजूला खाटेवर नत्थूबाबा पडले होते. त्यांच्या पायाशी चार विळे ओळीनं ठेवलेले. ते सरकवून वाट काढताना माझ्या बोटाला पातं लागलं आणि टचकन रक्त आलं. मी बोट तोंडात धरलं आणि चालू लागले. मागं वळून पाहायची हिंमत नव्हती. पाठीकडं बघणारे डोळे त्या घरातले कोणाचे आहेत हे मला माहीत नव्हतं.

मेडिकलचे जागेश्वरभाऊ म्हणजे गावातला सगळ्यात घाबरट माणूस. मी गोळी काउंटरवर ठेवताच ते मागं सरकले.

"माह्या दुकानातून नाही गेली ही! तुमचे पत्ते सीलबंद देतो मी, चिठ्ठी पाहून देतो!"

"दुकानाचं नाही म्हणत मी, भाऊ. ही काय आहे तेवढं सांगा."

त्यांनी चष्मा चढवला. "क्याल्शियम. बाळंतिणीले देतात ते. हिनं झोप जात नाही, ताई. हिनं काहीच होत नाही तुमच्या आजाराले."

बाळंतीण आमच्या घरात एकच होती. काल चक्कीचा खटका ओढणारी. उद्या माझी लेक घेऊन जाणारी.

"आणि माझी गोळी दुसऱ्यानं खाल्ली तर?"

"त्याले झोप नाही येणार. तुमच्यासारख्याले जे औषध, ते चांगल्या माणसाले नुसतं उधाण. छाती धडधडते, बीपी चढते. म्हाताऱ्या माणसाच्या तं जिवावर बेतीन. एक गोळी बारा-पंधरा घंटे अंगात राहते." ते थांबले. मग आवाज खाली आणला. "सांगू की नको, असं होऊन राहिलं मले. धान कापणी सुरू झाली तवा एक जण आला होता हीच गोळी मागाले. म्हणे, मशीनवर रात्र काढा लागते, दोन पत्ते द्या. मी नाही देल्ली. बिनाचिठ्ठीची नाही देत मी."

"कोण?"

जागेश्वरभाऊंनी रस्त्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुमचे मालक, ताई. कैलाशभाऊ."

४

दोन वाजले होते. सकाळची गोळी ओसरत आली होती आणि बाराची माझ्या पोटात गेलीच नव्हती. ट्रंकेची किल्ली कैलाशच्या खिशात. मला झोप येणार हे मला माहीत होतं, आणि झोप आली की काय होतं हे कालच पाहिलं होतं. मी घरी आले, एक हिरवी मिरची तोडून दाढेखाली धरली आणि झोपेची वही उघडली.

चक्की बंद, म्हणून घर शांत होतं. कुठं पाऊल वाजलं तरी दचकत होते, आणि दचकले की गुडघे सैल पडत होते. म्हणून भिंतीला टेकून बसले.

वहीत गेल्या दोन आठवड्यांतल्या वाईट दुपारी मी लाल पेनानं लिहिल्या होत्या. सोमवार. बुधवार. शुक्रवार. रविवार. मंगळवार. गुरुवार. एक दिवसाआड! मी इतके दिवस नुसतं रडत लिहीत होते, वाचलं कधी नव्हतं. पण पुढं घडी मोडत होती. गुरुवारच्या पाठोपाठ काल शुक्रवार, आणि आज शनिवार. सलग तीन.

आमच्या घरात एक दिवसाआड काय होतं? नळ येतो. नळाच्या दिवशी सगळ्या बाया अंगणात असतात, घर मोकळं. मला वाटलं, सापडलं. पण मागच्या आठवड्यात पाइप फुटून नळ चार दिवस आलाच नव्हता, आणि माझ्या लाल दुपारी मात्र नेमानं येत राहिल्या होत्या. नळ नव्हे.

दुसरी एक नोंद निळ्या पेनानं होती. "विळ्याचा आवाज." मंगळवार. गुरुवार. शनिवार. सोमवार. बुधवार. म्हणजे लाल दिवसाच्या दुसऱ्या दिवशी, दर वेळी. काल आणि आज तर लाल आणि निळी दोन्ही.

"वहिनी?"

मी इतकी दचकले की मान छातीवर पडली. दारात डिंपल उभी होती, कडेवर बाळ. मला सावरायला जरा वेळ लागला.

"डिंपल, तुझ्या क्याल्शियमच्या गोळ्या कुठं असतात?"

"फळीवरच्या डब्यात. काहून?"

"कमी झाल्या का?"

ती हसली. "माह्या गोळ्या काय माह्या एकटीच्या आहेत? दादा घेते, म्हणते कंबर दुखते. आई घेते पाठीसाठी. ताकदीची गोळी म्हणून सारं घर खाते." मग तिचं हसू गेलं. "तुम्ही माह्यावर शंका घेऊन राहिल्या काय? काल खटका कोणं ओढला व? मले तुमच्या जिवावर उठायचं असतं तं मी स्वयंपाकघरात बसून नसती राहिली?"

तिचे डोळे भरले. ती निघून गेली. तिचं म्हणणं खरं होतं. मला तिची लाज वाटली. पण भीती लाजेला जुमानत नाही. डिंपल नाही, तर मग कैलाश. गोळी मागायला गेलेला कैलाश, किल्ली ज्याच्याकडं तो कैलाश, डबा भरणारा कैलाश. दहा वर्षं ज्याच्या बाजूला मी बेशुद्धासारखी झोपत आले, तो.

मी गुड्डीला शाळेतून आणलं. तिला आजीजवळ अंगणात बसवलं आणि मिरची चावत शेताच्या रस्त्याला लागले.

५

कैलाशचं मळणीयंत्र त्या दिवशी टेकचंदच्या बांधावर होतं. कापणी संपून पंधरा दिवस झाले होते. गावाचं धान शेतात रचलेलं, धानाच्या पेंढ्यांचे मोठाले ढीग, ज्यांना आम्ही पुंजणे म्हणतो. कैलाश सकाळपासून दिवा लागेपर्यंत आणि त्यानंतरही साऱ्या गावाचे पुंजणे मळत होता. आमचे मात्र तसेच उभे होते. लोकांचं आधी, घरचं मागून, हा त्याचा स्वभाव.

त्याचे डोळे लाल होते. झोप न झालेल्या माणसाचे. मी चार पावलं लांब उभी राहिले. पट्टा फिरत होता, आणि मला त्याच्या आणि पट्ट्याच्या मध्ये जायचं नव्हतं.

"बंद करा तो पट्टा," मी ओरडले.

त्यानं यंत्र थांबवलं. मी मुठीतली गोळी दाखवली आणि जे होतं ते एका दमात बोलून टाकलं. जागेश्वरभाऊ काय म्हणाले तेही.

त्यानं गोळी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. मग खाली बसला.

"हाव, गेलो होतो मागाले. एकदाच. नाही भेटली तं चहा पिऊन पिऊन काढून राहिलो रात्री. पण शुभांगी, मी तुही गोळी खाऊन तुले पट्ट्यापाशी बसवीन काय व? माही पोट्टी राहते तिथं."

"डबा तुम्हीच भरता."

"मी कुठं भरतो? मी पत्ते काढून देतो, अन् गुड्डी फोडते. टक टक आवाज येते नं, तिले मजा वाटते. चौदाही गोळ्या तीच ठेवते, खण मोजून. विचार तिले."

गुड्डी खोटं बोलत नाही, आणि तो ते जाणून होता. म्हणजे रविवारी डब्यात माझ्याच गोळ्या गेल्या होत्या. बदल नंतर झाला, रोजच्या रोज, मी झोपलेली असताना. तो तर त्या वेळी शेतावर असतो. माझ्या पायांतला जोर गेला आणि मी पेंढ्यांवर बसले. पण या वेळी ते भीतीनं नव्हतं.

"मंग कोण?" तो म्हणाला.

"एक दिवसाआड काय होतं आपल्या घरी?"

"एक दिवसाआड?" त्यानं सहज खांदे उडवले. "बा जागलीले जाते पुंजण्यावर, रातभर धान राखाले. एक दिवस बा, एक दिवस बाजूच्या वावरातला धनीराम. तलावापाशी वाघानं म्हशीची वगार मारली तवापासून दुसरं कोणी जात नाही. पण आता तेही गडबडलं. परवा गुरुवारी बा गेला, काल धनीरामले ताप आला म्हणून परत बाच गेला, अन् आज तं त्याची पाळीच आहे. सलग तिसरी."

गुरुवार. शुक्रवार. शनिवार.

मी पेंढ्यांवरून उठले.

"बाबांना बीपी आहे," मी म्हणाले. "कैलाश, बाबा दिवसा झोपतात का?"

"झोपते नं. दिसभर खाटेवर तं पडून राहते."

नाही. ते झोपत नव्हते. मी बोट पुढं केलं. त्यावर दुपारच्या विळ्याचा काप होता, बारीक आणि खोल. कापणी संपून पंधरा दिवस झाले होते. बोथट होऊन पडायचे दिवस होते विळ्यांचे. साडेअकराला, जागल करून आलेला म्हातारा गाढ झोपलेला असायला हवा त्या वेळी, कोणी तरी खरोखरच अंगणात बसून विळ्यांना धार लावत होतं. दर जागलीच्या दुसऱ्या दिवशी. मी तो आवाज माझ्या आजाराचा समजून वहीत लिहिला आणि विसरले.

आवाज खरा होता. मग फळीपाशी उभी राहिलेली आकृतीही खरी होती. जिनं डबा कपाळाला लावला होता. देवघराच्या फळीवरची काडीपेटीसुद्धा कपाळाला लावल्याशिवाय खाली न ठेवणारं माणूस आमच्या घरात एकच आहे.

"किती वाजले?"

"पाचाले दहा कमी."

बाबा पाचला चहा घेऊन जागलीला निघतात.

६

धावू नको, मी स्वतःला बजावत होते. घाबरू नको. घाबरलीस की पडशील. तरी मी धावले. कैलाश यंत्राचं काही तरी आवरून मागून येतो म्हणाला होता. मी वाट पाहिली नाही. डोळ्यांवर झोप चढत होती, रस्ता मधूनच पुसल्यासारखा होई, आणि मी मिरची चावून तो परत आणत होते.

अंगणात बाबा खाटेवर बसले होते. काठी आणि टॉर्च तयार. तीन दिवसांत त्यांचा चेहरा बसला होता, डोळे खोल आणि चकाकते. ते आमच्या गोठ्याकडं टक लावून पाहत होते.

"तिकडं पाय, गुड्डी," ते म्हणत होते. "गोठ्यामागं पट्टेदार वाघ आहे. दुपारपासून बसून आहे."

गोठ्यामागं काही नव्हतं. जागेपणी नसलेलं दिसणं म्हणजे काय, हे त्या अंगणात माझ्याशिवाय कोणाला कळणार होतं? मला त्यांच्यासाठी रडू आलं.

चुलीपाशी सासूबाई माझ्याकडं पाठ करून बसल्या होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली. पाट्यावर काही तरी ठेवून वाटीनं दाबलं. चुरा कपात लोटला, वर चहा ओतला आणि कप बाबांच्या हातात दिला.

मी ओरडायला तोंड उघडलं, आणि माझे गुडघे गेले.

मी दारातच कोसळले. गाल जमिनीला लागलेला. सगळं दिसत होतं. बाबांनी कप उचलला होता. मला एकच शब्द बोलायचा होता, आणि जीभ मेलेली होती.

"अरे, सुनबाई पडली!" बाबांनी कप खाटेच्या कडेवर ठेवला आणि उठायला लागले.

"तुम्ही चहा घ्या," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "थंडा होते. तिले मी पाहते."

बाबांचा हात परत कपाकडं गेला.

गुड्डी माझ्यापाशी येऊन बसली. तिनं माझ्या डोक्याखाली हात घातला, नेहमी घालते तसा. "भेऊ नको, आई," ती म्हणाली, आणि माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी डोळे कपाकडं नेले. तिच्याकडं आणले. परत कपाकडं नेले. माझ्यात तेवढंच हलत होतं.

"आजोबा," गुड्डी म्हणाली, "आई तुमच्या चहाकडं पाहून राहिली."

"तिले पाहिजे असन."

"नाही. ती भेली आहे." ती उठली. बाबांच्या ओठांपाशी गेलेला कप तिनं दोन्ही हातांनी धरला, काल माझा पदर धरला होता तसाच, आणि ओढला. चहा खाटेवरून खाली सांडला.

सासूबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. त्या मटकन खाली बसल्या.

७

मिनिटभरानं माझी जीभ सुटली. तोवर कैलाश आणि डिंपल दारात येऊन उभे होते.

"आई," मी म्हणाले, "किती गोळ्या दिल्या बाबांना?"

त्यांनी लपवलं नाही. "जेवढ्या जागली, तेवढ्या. आजची धरून आठ झाल्या असत्या."

बाबा आळीपाळीनं आमच्याकडं पाहत होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"वगार मारली तवापासून माह्या पोटात गोळा आहे," सासूबाई बोलू लागल्या. "साठीचा माणूस. बसल्या जागी डुलकी घेते. तिथं एकटा, अन् बाजूले तलाव. हा डुलकला अन् तो आला तं? कैलाशले म्हटलं, आपलं धान आधी काढ, बापा. तं हो हो करते अन् लोकायच्या वावरात जाते. मंग मले वाटलं, जागं ठेवाची गोळी घरातच आहे."

"आणि माझ्या डब्यात क्याल्शियम ठेवलं. मला कळू नये म्हणून."

त्यांनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांना राग आलेला दिसला. "कळू नये म्हणून कायले व? मी चोर आहे काय? देवाच्या फळीवरून कोणाची वस्तू उचलली अन् खण रिकामा ठेवू? एक गोळी नेली, तं एक ठेवली. ताकदीची ठेवली. तू अशक्त आहे, तुले लागन म्हणून."

दिवसभर ज्या गोष्टीनं माझं रक्त गोठवलं होतं, तो कोणाचा डाव नव्हता. पुष्पाबाईंच्या वाटीत टाकलेली ती मूठभर डाळ होती. मी दुपारी ती डोळ्यांनी पाहिली होती आणि तिला ओलांडून गेले होते.

"काल माझी लेक पट्ट्यात जात होती, आई."

"गोळी खाऊनही तू रोज दुपारी झोपत होती. मले वाटलं, तुले तिचा उपेग नाही." त्या पदराची सुटलेली गाठ चाचपत राहिल्या. "काल पट्ट्यापाशी पाहिलं तवापासून हात कापून राहिले माहे. पण आज तिसरी रात होती."

"मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तं देल्ली असती?"

"नाही."

"म्हणून तं नाही विचारलं," त्या म्हणाल्या.

मी कप उचलून चुलीपाशी ठेवला. राग होता, भरपूर होता, आजही थोडा आहे.

कैलाशनं बाबांना मोटारसायकलवर मागं बसवून मोहाडीच्या दवाखान्यात नेलं. बीपी इतकं चढलं होतं की डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. आणखी एक गोळी आणि आणखी एक रात्र झाली असती तर बाबांना न्यायला वाघाची गरज नव्हती, असं ते स्पष्ट म्हणाले. पहिल्या दिवशी बाबा सोळा तास झोपले.

रविवारी सकाळी कैलाशनं मळणीयंत्र टेकचंदच्या बांधावरून काढलं आणि आमच्या वावरात आणून उभं केलं. टेकचंद कुरकुरला. कैलाशनं ऐकून घेतलं नाही. मी त्याला असं करताना पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळपर्यंत पुंजणे उठले, धान घरात आलं. राखायला काही उरलं नाही, म्हणून जागलही उरली नाही.

डिंपल दुपारच्या गाडीनं शहापूरला गेली. गुड्डीची पिशवी भरून दारात ठेवली होती. डिंपलनंच ती उचलून आत नेली. "वहिनी, पट्ट्याले जाळी लावून घ्या पहिले," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती लावली.

डबा आता सासूबाई भरतात. म्हणजे गुड्डी फोडते आणि त्या खण मोजतात. बाराला त्या स्वतः गोळी आणून देतात, उजेडात धरून, रेघ दाखवून, आणि मी गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत.

परवा साडेअकराला मी लवंडले. उठताना अंग बांधलं गेलं, आणि फळीपाशी ती आकृती पुन्हा उभी होती. काळी, तोंड नसलेली. मी कान देऊन ऐकलं. विळ्याचा आवाज नव्हता. अंगणात बाबा मोठ्यानं घोरत होते.

मग मी तिला तिथं उभं राहू दिलं.